मामंजींनी बांधलेली लाकडी भिंत

मानवतला आमच्या घराचं पुढचं दार बाजारपेठेत उघडायचं आणि मागचं परसात. परस सगळं उताराचं. जोत्यापाशी जरा सपाट, मग हळूहळू खाली जात थेट ओढ्याच्या काठाला टेकलेलं. वरच्या अंगाला बेलाचं झाड आणि मोगरा. खालच्या अंगाला एक डाळिंब, बाकी नुसती काळी माती. दर पावसाळ्यात ती माती ओढ्यात जायची. लग्न होऊन मी आले तेव्हा डाळिंबाच्या पलीकडं म्हैस बसेल एवढी जागा होती. पुढच्या पावसाळ्यानंतर माणूस कसाबसा उभा राहील एवढी उरली.

घरात आम्ही चौघं. मी, माझे यजमान, त्यांचे वडील म्हणजे माझे मामंजी, आणि मामंजींची थोरली विधवा बहीण. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजींची कापसाची आडत होती, पण आमच्या लग्नानंतर त्यांनी ती मुलाच्या हवाली केली होती. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग शेताकडं एक फेरी, दुपारी ओसरीवर पडणं, असा त्यांचा दिवस जायचा. माणूस उंच, आवाज भारी, बोलणं थोडं.

माझ्याशी तर बोलणं नव्हतंच. तशी रीत होती. सून सासऱ्यापुढं डोईवरचा पदर सावरून खाली मान घालून जायची, आणि सासरा तिला काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचा. मी समोर ताट वाढत असले तरी मामंजी म्हणायचे, "आक्का, तिला म्हणावं भाकर पुरे." आणि आत्याबाई मला सांगायच्या, "भाकर पुरे म्हणायलेत." यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

माझं माहेर चुडाव्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून वडील मला न्यायला येणार होते. त्याआधीच, सातवा महिना लागतो न लागतो तोच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. इवलासा. सुईणीनं त्याला कापसात गुंडाळून ठेवलं. सकाळी आला आणि दिवस मावळायच्या आत गेला. मामंजी त्याला घेऊन परसात गेले आणि खालच्या अंगाला त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं मातीत ठेवलं. एवढंच मला आत्याबाईंकडून कळलं. नेमकी जागा कोणती, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारण्याचं त्राण नव्हतं.

त्यानंतर मी माजघरातून बाहेर पडेनाशी झाले. अंगात ताप नव्हता, दुखत काही नव्हतं, पण उठावंसंच वाटत नसे. आत्याबाई खीर करून आणत, ती तशीच थंड होई. यजमान दुकानातून आले की उंबऱ्यापाशी बसत, बाजारातलं काहीबाही सांगत.  परसाकडचं दार तर मी उघडतच नव्हते.

उन्हाळा चढला तेव्हा एके दिवशी परसात बोलणं ऐकू आलं. मामंजींनी गवंड्याला बोलावलं होतं. मी दाराआडून ऐकत होते.

गवंडी म्हणाला, "आप्पा, दगडाची बांधू. पण काळी जमीन हाय. पाया खाली मुरमापस्तोर न्यावा लागंल. हा सगळा उतार मागं कापून घ्यावा लागंल, पार डाळिंबापस्तोर."

मामंजी म्हणाले, "डाळिंबापस्तोर खोदायचं न्हाई."

"मंग दगड कसा थांबंल?"

"नगं दगड. लाकडाची बांधू. खांब रोवायला छिद्र पुरतंय."

"लाकूड किती दिवस टिकंल, आप्पा? वाळवी खाईल."

"टिकंल तेवढं टिकंल. खोदायचं मात्र न्हाई."

गवंडी निघून गेला. मी दाराआड तशीच उभी राहिले. मामंजी कशासाठी अडून बसले होते ते मला लख्ख कळलं. हा माणूस परसातली माती अडवायला निघाला नव्हता. किती तरी दिवसांनी त्या दिवशी मला भूक लागली. आत्याबाईंना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी लगेच ताट वाढलं.

मग लाकडं येऊ लागली. शेतातल्या बांधावरच्या जुन्या बाभळी पाडून त्यांचे खांब केले. गावातल्या एका जिनाची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची, जुनी शेड पाडत होते, तिथल्या सागवानी फळ्या मामंजींनी आणवल्या. सुतार आला. त्यानं खांबांची बुडं निमुळती केली आणि फळ्या मापात कापल्या. मामंजींनी परसात जाळ करून खांबांची बुडं वरवर जाळली, काळी कोळशासारखी केली आणि त्यावर डांबर फासलं. वाळवी लागू नये म्हणून. सगळ्या घरात तो वास भरला. आत्याबाई कुरकुरल्या, "देवाच्या खोलीत बी डांबर वास मारायलंय." मामंजी नुसते हसले.

एका संध्याकाळी उन्हं उतरल्यावर त्यांचा आवाज आला. "आक्का, तिला म्हणावं जरा दोरी धरायला ये."

आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "सुतार हाय की तिथं."

"सुतार फळ्या कापायलाय. तिला म्हण."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर सावरला आणि परसाचं दार उघडलं. बाहेरचा उजेड डोळ्यांना खुपला. मामंजींनी माझ्याकडं न बघता सुतळीचं एक टोक जमिनीवर ठेवलं, मी ते उचललं. दुसरं टोक त्यांच्या हातात. काठाकाठानं ते सुतळी ओढत गेले, खुणेच्या खुंट्या ठोकत गेले. डाळिंबापाशी आल्यावर त्यांनी सुतळी बरीच पुढं, पार ओढ्याच्या अंगाला सरकवली. भिंतीची रेघ तिथं वाकडी झाली. सुतार म्हणाला, "सरळ घ्या की आप्पा, फळ्या बसायला सोपं पडंल." मामंजी म्हणाले, "वाकडीच राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले. उन्हाळ्यातली काळी जमीन म्हणजे दगडच. हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. शेतावरचा सालगडी पहारीनं छिद्र पाडायचा, मी घागरीनं त्यात पाणी ओतायची, माती मऊ झाली की पुन्हा पहार. खांब उभा केला की मामंजी लांबून बघायचे आणि हातानं खूण करायचे, जरा डावीकडं, जरा उजवीकडं. मी खांब धरून ठेवायची आणि सालगडी भोवती विटांचे तुकडे ठोकून भरायचा. हाताला फोड आले. रात्री गाढ झोप लागू लागली.

खांबांच्या मागून फळ्या एकावर एक बसल्या, मागं माती भरली आणि परस सपाट दिसू लागलं. यजमान दुकान बंद करून आले की कंदील घेऊन बघायला जायचे. एकदा म्हणाले, "आप्पा आता आडत सोडून सुतारकीच करतेत वाटतं." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

पाऊस सुरू झाला तेव्हा भिंतीला काही झालं नाही. पण आषाढात झड लागली. दिवसचे दिवस बारीक पाऊस, सूर्याचं दर्शन नाही. काळी माती पाणी पिऊन फुगली. एका सकाळी मी परसात गेले तर मधले खांब पुढं कललेले. फळ्यांना पोट आलेलं. डाळिंबापाशी जमिनीला करंगळीएवढी भेग पडलेली, अगदी वाकड्या रेघेला धरून.

मामंजी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तिथंच उभे होते. हात मागं बांधलेले. इतका मोठा माणूस मला तेव्हा एकदम थकलेला दिसला. पुढून टेकू लावायचे तर ओढा वाहत होता. त्यांना काही सुचत नव्हतं.

आणि मला माझ्या वडिलांचा बैल आठवला. चुडाव्याला आमच्याकडं एक मारका बैल होता. कितीही खोल खुंटा ठोका, पावसाळ्यात मऊ मातीतून तो उपटून काढायचा. शेवटी वडिलांनी एक ओंडका जमिनीत आडवा पुरला, त्याच्या मध्याला साखळी बांधली आणि साखळीचं टोक तेवढं वर ठेवलं. बैलानं जंग जंग पछाडलं, ओंडका हलला नाही.

हे सांगायचं कोणाकडून? आत्याबाई आत पूजेला बसलेल्या, यजमान दुकानात. पाऊस पडत होता, भेग वाढत होती. मी दोन पावलं पुढं गेले आणि म्हणाले, "मामंजी, भितीला मागून बांधायला पायजे."

त्यांनी वळून बघितलं. मी बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असेल, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

"मागून? कशाला बांधायची?"

"ओंडका पुरायचा. आडवा. आमच्या बापानं बैलासाठी पुरला होता." मी कसंबसं सगळं सांगितलं. पावसात मोठ्यानं बोलावं लागत होतं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "साखळ्या एवढ्या कुठून आणाव्यात? थांब. गठाणीच्या पट्ट्या हायत की आपल्याकडं."

कापसाच्या गठाणी लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. तसल्या जुन्या पट्ट्यांचा ढीग दुकानाच्या मागं पडलेला होता. सालगड्याला पिटाळून त्या आणवल्या. उरलेले बाभळीचे ओंडके होतेच. दुपारी पावसानं जरा उघडीप दिली. ओंडके पुरायचे म्हणजे भिंतीच्या मागं, डाळिंबाच्या बाजूला खोदावं लागणार होतं. सालगडी कुदळ घेऊन उभा राहिला. मामंजींनी त्याला गोठ्यातून दोर आणायला धाडलं. तो गेल्यावर ते माझ्याकडं वळले.

"पोरी," ते म्हणाले. मला त्यांनी अशी हाक कधी मारली नव्हती. "हिकडं ये."

मी गेले. डाळिंबाच्या ओढ्याकडच्या अंगाला ते खाली वाकले आणि ओल्या मातीवर त्यांनी तळहात ठेवला.

"हितं हाय. त्याचं डोकं ह्या अंगाला हाय. ह्याच्या दोन्ही बाजूंनी खोदू, हितं कुदळ लागू देत न्हाई मी. चालंल का तुला?"

मी खाली बसले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. माती गार होती. मी किती वेळ बसले मला माहीत नाही. रडले, पण ते रडणं माजघरातल्यासारखं नव्हतं. मामंजी थोडे दूर जाऊन ओढ्याकडं तोंड करून उभे राहिले. सालगडी दोर घेऊन आला तेव्हा त्यालाही त्यांनी हातानं थांबवलं.

मग मी उठले आणि म्हणाले, "चालंल."

डाळिंबाच्या दोन्ही बाजूंना चर खोदून ओंडके आडवे पुरले. पट्ट्यांना पीळ देऊन एक टोक ओंडक्याला, एक टोक खांबाला. पहार घालून पीळ आवळत गेलं तसे खांब इंच इंच मागं आले. पूर्ण सरळ झाले नाहीत, पण थांबले. मग मामंजींच्याच लक्षात आलं की पाण्याला वाट दिली पाहिजे. खालच्या फळ्यांत त्यांनी फटी पाडून घेतल्या आणि त्यांच्या मागं विटांचे तुकडे अन् मुरूम भरला. त्या झडीत फटींतून पाणी बाहेर यायला लागलं. आधी गढूळ, मग निवळ. मामंजी सालगड्याला म्हणाले, "बघ, माती मागं राहायली अन् पाणीच जायलंय." लहान मुलासारखे खूश झाले होते.

आत्याबाईंना अर्थातच कळलं. रात्री जेवताना त्या भावाला म्हणाल्या, "सून तोंडावर बोलायली म्हणं. लोक काय म्हणतील?" मामंजी म्हणाले, "आक्का, घरात लोक कोण हायत? ती बोलली म्हणून भित राहिली."  नंतर आत्याबाईच शेजारणींना परसात नेऊन भिंत दाखवायच्या, "आमच्या सुनंचं डोस्कं" म्हणायच्या.

भिंतीमागच्या सपाट जमिनीत मी अंबाडी पेरली, कडेनं वाल लावले. डाळिंबाजवळ काही पेरलं नाही. तिथं मोगऱ्याची एक फांदी खोचली, ती जगली. श्रावणात पहिली अंबाडीची भाजी झाली. मी मामंजींपुढं ताट ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. त्यांनी एक घास खाल्ला, माझ्याकडं वर बघितलं आणि म्हणाले, "पोरी, मीठ कमी पडलंय."

आत्याबाई निरोप द्यायला तोंड उघडणार होत्या, त्या तशाच राहिल्या. मी मीठ वाढलं.

पुढं मला दोन मुली आणि एक मुलगा झाला. मामंजींनी तिघांनाही त्याच सपाट परसात खेळवलं. निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी ते गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांची सगळी सेवा मीच केली आणि आम्ही खूप बोललो. पावसाबद्दल, पिकांबद्दल, माझ्या वडिलांच्या त्या बैलाबद्दलसुद्धा. आभार मानायची आमच्यात रीत नव्हती. पण एकदा त्यांचे पाय चेपताना मी म्हणाले, "मामंजी, तुमी त्या दिवशी दोरी धरायला बोलवलं न्हाई का, म्हणून मी उठले." त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाले, "दोरी धरायला माणूस लागतंच की."