लघाटेपंतांचा शिकला

ठाण्याच्या कचेरीतले कारकून प्रभाकरपंत लघाटे मासळीचा वास आला की उपरणं नाकाला लावत. पण अठराशे ब्याऐंशी साली हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि पंतांना एकाएकी माशांचा लळा लागला. कचेरीच्या गोऱ्या साहेबाला माशांच्या अभ्यासाचा नाद होता ना!

साहेबाने त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवलं. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला दांडगा मासा, लहान मासे गट्ट करणारा. पिवळं अंग, तीन काळे पट्टे, शेपटीजवळ डोळ्यासारखा ठिपका. कुळाचं नाव सिक्ला. "इथल्या तलावांत असं काही सापडतं का?" साहेबाने सहज विचारलं.

पंत तडक बाजारात, चेंदणीच्या आवडाबाई कोळणीपुढे.

"बाई, साहेबांना शिकला हवाय."

"शिकला? त्याला शिकवला कोनी?"

"थट्टा नको. शेपटीवर डोळा असतो त्याच्या."

चौथ्या दिवशी आवडाबाईने मासुंदा तलावातला हातभर मासा जिवंत आणला. शेपटीशी काळा ठिपका, भोवती नारिंगी कडं. पंत हरखले.

"पन ही मरल हाय, पंत."

"कधी पुस्तक उघडलंयस? गप्प बस."

पाण्याचं घंगाळ आवडाबाईच्या डोक्यावर, पंत पुढे. टेंभी नाक्यावर भेटेल त्याला सांगत होते, "मी शोधला!" बंगल्याच्या पायरीवर मात्र त्यांनी घंगाळ स्वतःच्या हातात घेतलं. मासा उसळून व्हरांड्यात पडला. सोवळंओवळं विसरून पंतांनी त्याच्यावर झडप घातली, तर त्याने त्यांचा अंगठाच धरला.

साहेब वाकला. "पट्टे कुठे आहेत? आणि हे सापासारखं डोकं? लघाटे, ही मरळ. आमचा खानसामा नेहमी करतो."

"मी तवाच सांगितलं व्हतं," आवडाबाई म्हणाली.

साहेबाने तिला बसायला सांगितलं. "तुला किती मासे ओळखता येतात?"

"मोजलं न्हाईत कधी."

हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला गेली. पंतांना दर गुरुवारचं काम मिळालं: आवडाबाई माशांबद्दल सांगेल ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घ्यायचं. "जरा हलू सांगू का, पंत?" ती आपुलकीने विचारी, आणि पंतांचा बोरू कागदात रुते. आळीने त्यांना पंचगव्य पाजलं ते वेगळंच.

दीड वर्षाने साहेबाची बदली झाली, वही त्याच्याबरोबर गेली. पंत घरी सांगत, ग्रंथ माझाच. एव्हाना बाजारातून जाताना कल्ल्यांच्या रंगावरून मासळी ताजी की शिळी, हे त्यांना नुसत्या नजरेने कळू लागलं होतं. फक्त टोपलीत डोकावण्याआधी ते चहूकडे बघून घेत.