मान हलली की थांबायचं

मी नापास झाले, आणि तेही बोलण्याच्या परीक्षेत. आमच्या गल्लीत कुणाला हे खरं वाटणार नाही, कारण लहानपणापासून मी तोंडाळ म्हणूनच प्रसिद्ध. पण परदेशातल्या विद्यापीठात गल्लीची साक्ष चालत नाही. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची नोकरी टिकवायची असेल, तर तीन परीक्षकांसमोर दहा मिनिटं इंग्रजीत शिकवून दाखवावं लागतं. मी दाखवलं. त्यांनी लिहून दिलं की वाक्यांचे शेवट ऐकूच येत नाहीत. दुसरी संधी सुट्टीत, ऑनलाइन, आणि तीच शेवटची. ती हुकली की नोकरी जाणार, आणि नोकरीच्या जोरावर चाललेलं शिक्षणही.

म्हणून भर मे महिन्यात सोलापुरात येऊन मी गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती घिरट्या घालत होते. कानात उच्चारांचे धडे, हातात मोबाइल. स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, चिडायचं, पुसायचं. जीभ कुठे लावायची, ओठ किती गोल करायचे, यात आठवडा गेला. एका जागी बसवत नव्हतं. जेवताना मी पुटपुटायची, आणि आई म्हणायची की आधी घास गिळ, मग इंग्रजी.

त्यात माझ्या गाइडबाई. माझ्या प्रबंधाच्या पानापानावर त्या समासात लिहायच्या, ‘मग काय?’ त्यांचं म्हणणं, माझा परिच्छेद मुद्द्याच्या दारापर्यंत जातो आणि कडी न वाजवताच परत फिरतो. मला राग यायचा. इतकं सांगितल्यावर उरलेलं वाचणाऱ्याला कळू नये?

आण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात जॉबर आहेत. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. तरुणपणी मेंढरं आणि कोरडवाहू रान भावांवर सोपवून ते सांगोल्याकडून इथे आले, तेव्हापासून मागांच्या खडखडाटात उभे आहेत. कान निम्मे गेलेत. शेडमध्ये कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचतात. समोरच्याला कळलं की तो मान हलवतो, आणि मान हलली की बोलणारा थांबतो. कळल्यावर पुढे कोण कशाला बोलेल? तिकडे माग बंद पडून उभा असतो. ती रीत आण्णांबरोबर घरी आली. आमच्या घरात अर्धी वाक्यं आवाजाशिवायच होतात आणि पूर्ण वाक्य क्वचितच कुणी करतं.

एका संध्याकाळी पाळी संपवून ते गच्चीवर आले आणि माझ्याकडे बघत बसले. मी त्रासूनच म्हटलं, बसलाच आहात तर ऐका. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी धाग्याच्या ताणावरचा माझा पाठ सुरू केला. माझ्या हातांवरून त्यांना विषय कळला असावा, कारण ते खूश होऊन मान हलवायला लागले. पाठ संपल्यावर म्हणाले, “ताणाचं सांगतीस, ते कळलं की. पर तुजं तोंड आदीच मिटतंय. मी मान हलवली की मिटतंय.”

मी मोबाइलवर आत्ताच्या पाठाचं रेकॉर्डिंग लावलं. खरंच होतं. वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द ऐकूच येत नव्हते. एकटीच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कधी सापडलं नव्हतं, कारण तेव्हा मान हलवायला समोर कुणी नसायचं. तिकडची, विद्यापीठातली माणसं भली, समोरचा बोलत असला की मान हलवत राहतात. त्याचा अर्थ, ऐकतोय, चालू द्या. आणि मी प्रत्येक मानेला वाक्य गिळत होते. परीक्षक जितके प्रेमळ, तितकी मी मुकी. जिभेचा बिचारीचा काही दोष नव्हता. बाईंचं ‘मग काय?’ही आमच्या घरातल्या त्याच सवयीतून निघालं होतं.

मग आण्णा रोज माझ्यासमोर बसायचे, मान न हलवता. ते त्यांना जमेना. शेवटी त्यांनी हनुवटी मुठीत घट्ट धरली. ती मूठ बघत मी एकेक वाक्य तडीस न्यायची. रात्री प्रबंध उघडून प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी, जे सांगायला मला संकोच वाटत होता, तेच लिहायची.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. पास झाले, तर ही नोकरी सुट्ट्यांतही करावी लागणार होती. दोन वर्षं घरी येणं नाही. मी सुरुवात बऱ्याचदा केली. “आण्णा, पास झाले ना, तर...” ते मान हलवायचे, “हुशील की.” आणि मी थांबायची. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच स्वतःची चीड यायची. मला लांब धाडायलाच तो माणूस रोज हनुवटी धरून बसत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी लॅपटॉप उंच स्टुलावर ठेवून उभी राहिले. पडद्यावर तीन चौकोनांत तीन माना हलत होत्या. लॅपटॉपच्या मागे आण्णा, हनुवटी मुठीत. मी त्यांच्याकडे बघून शिकवलं. एकही वाक्य सोडलं नाही.

चार दिवसांनी निकाल आला. पास. आईने देवापुढे साखर ठेवली. आण्णा खाटेवर बसून चप्पल घालत होते, पाळीची वेळ झाली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

“आण्णा, पास झाले, तर...”

त्यांची मान हलायला लागली. मग माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी चप्पल सोडली आणि हनुवटी मुठीत धरली.

आता पळायला जागा नव्हती. “तर दोन वर्षं मला घरी येता येणार नाही,” मी म्हणाले. शेवटच्या शब्दापर्यंत, आवाजासकट.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. “झालं समदं बोलून?”

मी हो म्हणाले.

मग त्यांनी मूठ सोडली आणि मान हलवली.