चार बोटं फीत

मास्तर आपल्या सासूवर जळत होते. घ्या! बायकोवर संशय घेणारे नवरे पाहिले, भावाच्या नव्या गाडीवर डोळा ठेवणारे भाऊ पाहिले, पण बहात्तर वर्षांच्या सासूवर जळणारा जावई सहसा बघायला मिळत नाही. तेही कशावरून, तर गाण्यांवरून.

मास्तर नोकरीला रेडिओच्या टेपांच्या कोठारात. काम काय, तर जुनी ध्वनिमुद्रणं स्वच्छ करायची. खरखर काढायची, कुणी खोकलं असेल तर तो खोकला काढायचा, गाणारीनं ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा कापायचा. सव्वीस वर्षं हेच. श्वास म्हणजे कचरा, असं त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं आणि ते त्यांनी कधी विचारून पाहिलं नाही. घरी आले की मागच्या खोलीत टेप मशीन लावून बसायचे आणि हीच जुनी गाणी नव्यानं जोडायचे. संगणक त्यांना चालत नसे. ब्लेडनं फीत कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, तीन मिनिटांचं गाणं सात मिनिटांचं करायचं. ढोलाचा तुकडा चारदा लावायचा, टाळ्या आधी आणायच्या, आणि माणसं घामेघूम होईपर्यंत बाईला गाऊच द्यायचं नाही.

ही त्यांची रिमिक्सं औषधांच्या गोदामावरच्या हॉलमध्ये वाजत. दर शनिवारी दुपारी तिथं नाच असे. येणारी माणसं पन्नाशीच्या पुढची: निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको, अगडबंब बेकरीवाला, दोन जुळ्या नर्सा, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. हॉलच्या दाराशी एक फळा होता. त्यावर दर शनिवारी मॅनेजर नऊ गाण्यांची यादी लिहायचा, आठ खडूनं आणि शेवटचं ऑइलपेंटनं. शेवटचं गाणं वर्षभर तेच राहायचं, सगळी माणसं त्याच्यासाठीच थांबायची, आणि ते कुणाचं हे वर्षातून एकदा ठरायचं. अकरा वर्षं तिथं मास्तरांचंच गाणं होतं. भरदार गळ्याची एक बाई प्रेमात फसल्यावर सगळ्या गावाला सुनावते, असं ते मूळ गाणं. मास्तरांनी त्याचं असं काही केलं होतं की पोस्टमनची बायको दर शनिवारी डोळे पुसायची. ‘मास्तर’ हे नावसुद्धा त्याच गाण्यानं दिलेलं. कोठारात त्यांना कुणी अहोजाहोही करत नसे. तेव्हा ते ऑइलपेंट म्हणजे त्यांना काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

सासूबाई हॉलवर पहिल्यापासूनच येत, तिथल्या बायकांचे झगे त्याच शिवत. दोन वर्षांपूर्वी शिवणाचं दुकान बंद करून त्या लेकीकडे राहायला आल्या. सोबत शिलाई मशीन. ते ठेवायचं कुठं? तर मागच्या खोलीत, मास्तरांच्याच टेबलावर.

‘‘आई, तुमचं मशीन चाललं की माझी आवाज दाखवणारी सुई थरथरते हो,’’ मास्तर म्हणायचे.

‘‘मग तुमची सुई बंद ठेवा ना, जावईबापू. माझी तर कापडात आहे, ती काही केल्या थांबायची नाही,’’ सासूबाई म्हणायच्या आणि मशीनचं पायडल आणखी जोरात मारायच्या. बायको स्वयंपाकघरातून हसायची. कुणाची बाजू घ्यायची, या फंदात ती पडत नसे.

खरी चूक मास्तरांचीच. एकदा कोठाराच्या लोखंडी दारात त्यांचा डावा हात सापडला. मास्तर डावखुरे. शनिवार दोन दिवसांवर आणि हाताला हे भलंमोठं बँडेज. शेवटी नाइलाजानं त्यांनी सासूबाईंच्या हातात ब्लेड दिलं. ‘‘सरळ कापायचं नाही बरं का, तिरकं. सरळ जोडलं की गाण्यात टक्कन आवाज येतो.’’

‘‘अहो, म्हणजे उरेब कापायचं. एवढंच ना?’’ बाई म्हणाल्या. पन्नास वर्षं त्यांनी झगे उरेब कापले होते. त्यांनी फीत कापली, जोडली, आणि तो जोड मास्तरांना भिंग लावूनही धड दिसेना. त्या क्षणी मास्तर मोठ्या मनानं म्हणून गेले, ‘‘वा आई! हातात जादू आहे तुमच्या.’’ पुढे कितीतरी महिने हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात परत घेतलं.

कारण मग बाईंना नादच लागला. दुपारी घरात कुणी नसताना मास्तरांचं मशीन चालू. मास्तरांनी कापून टाकलेले तुकडे केराच्या डब्यातून उचलून त्यांनी एका बिस्किटांच्या डब्यात साठवले. शिंपीणच ती, चिंधी टाकेल कशी? आणि चार महिन्यांनी त्यांनी एक रीळ हॉलच्या मॅनेजरच्या हातात दिलं. गाणं कुठलं? तेच! भरदार गळ्याच्या बाईचं. जगात दुसरी गाणी नव्हती का? होती. पण बाईंनी तेच घेतलं.

मॅनेजरनं ते चौथ्या नंबरला लावलं. सुरुवातीला नुसत्या टाळ्या, मग मध्येच बाईची एकटी ओळ, मग पुन्हा टाळ्या. पहिल्या शनिवारी माणसं जरा बिचकली. दुसऱ्या शनिवारी सासूबाईंची सोडली तर हॉलमध्ये एकही खुर्ची भरलेली राहिली नाही. तिसऱ्या शनिवारी तर बेकरीवाला गाणं संपल्यावर ओरडला, ‘‘मास्तरीणबाई, पुन्हा!’’

मास्तरीणबाई! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या, घरी येऊन दोन घास जेवले आणि बायकोला म्हणाले, ‘‘पोट दुखतंय.’’

‘‘माहितेय कुठलं पोट दुखतंय ते,’’ बायको म्हणाली.

पुढच्या शनिवारी फळ्यावरचं शेवटचं नाव नव्यानं रंगवायचं होतं. मॅनेजरनं सांगून टाकलं, ‘‘या वेळी टेलरबाईंचं शेवटी लावू. रंगलं तर वर्षभर त्यांचं, नाहीतर मास्तरांचं आहेच.’’ ‘आहेच’ म्हणाला तो. जुनी छत्री कोपऱ्यात असतेच, तसं.

तो आठवडा मास्तरांना झोप अशी लागली नाही. कोठारात त्यांनी एका गाण्यातली चांगली ओळच कापून टाकली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. पिकलेल्या केसांची बाई, चाळिशीपासून चष्मा, नाचायला म्हणून कधी उभी राहिली नाही, हॉलमध्ये येते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसते. तिला काय कळतं? आणि जर काही कळत नाही, तर मग तिचं गाणं माझ्यापेक्षा चांगलं कसं? हा प्रश्न त्यांना दाढी करताना पडायचा, बसमध्ये पडायचा, वरण वाढून घेताना पडायचा. कारण चांगलं होतं ते. खोटं कशाला बोला, मास्तरांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

शनिवारी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या. रीळ टेबलावर होतं. नुसतं ऐकू या म्हणून मास्तरांनी लावलं. मात्रा मोजत ऐकत गेले, आणि वळणाच्या जागी, जिथं जोड्या गिरकी घेतात तिथं, ताल अर्धा ठोका लांबला होता. त्यांनी पुन्हा ऐकलं. हो, अर्धा ठोका जास्त! तिथं गाणाऱ्या बाईचा श्वास होता. मास्तरांनीच कधीतरी कापून फेकलेला, डब्यातून उचललेला, आणि पुन्हा आत जोडलेला. तिन्ही वळणांवर तेच.

‘‘चूक!’’ मास्तर एकटेच म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

आता इथं दोन रस्ते होते. एक, सासूबाई बाहेर आल्या की सांगायचं. दुसरा, गप्प बसायचं. मास्तरांनी तिसराच काढला. चूक दुरुस्त करायची! चांगल्या कामाला कशाला विचारायचं? मनाला त्यांनी हेच सांगितलं, आणि मनानंही मान डोलावली, मन काय, घरचंच. ब्लेड घेतलं, शेवटच्या वळणावरचा श्वास कापला, चार बोटं फीत. पट्टी लावली. बाकीच्या दोन वळणांना हात लावणार, तोच मोरीचं दार वाजलं. तुकडा खिशात गेला, रीळ डब्यात.

दुपारी हॉल गच्च भरला. आठ गाणी झाली. मॅनेजर ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन फळ्यापाशी तयार. सासूबाई नेहमीच्या कोपऱ्यात, मांडीवर पिशवी. टाळ्या सुरू झाल्या. पहिलं वळण आलं, गाणाऱ्या बाईनं श्वास घेतला, सगळ्या जोड्या तेवढं थांबल्या आणि एकदम फिरल्या. मास्तरांनी ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या गाण्यावर याच जागी ही माणसं अकरा वर्षं अडखळत आली होती. गिरकी संपेपर्यंत ठोका पुढे गेलेला असायचा, मग दोन छोटी पावलं टाकून सगळे सावरायचे. म्हाताऱ्या गुडघ्यांचं चालायचंच, असं मास्तर समजत होते. दुसरं वळण. पुन्हा श्वास, पुन्हा सगळे एकदम. आता मास्तरांना धावत जाऊन मशीन बंद करावंसं वाटलं. पाय काही हलले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांनी हलवले नाहीत.

तिसऱ्या वळणावर जोड्या थांबल्या आणि गाणं थांबलं नाही. पोस्टमनचा पाय बायकोच्या पायावर पडला, जुळ्या नर्सा एकमेकींवर आदळल्या, बेकरीवाला तर धपकन खालीच बसला. कुणाला लागलं नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. त्या हसण्यात गाणं संपूनही गेलं.

सासूबाई उठल्या. मशीनपाशी जाऊन त्यांनी फीत हळूहळू बोटांतून उलटी ओढली. एका जागी थांबल्या. मास्तर डावखुरे, ब्लेड नुसत्या हातानं धरणारे. त्यांचा काप उलट्या बाजूला कलतो. बाईंनी तो जोड अंगठ्यानं चाचपला, मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि मॅनेजरला म्हणाल्या, ‘‘माझं चुकलं. मास्तरांचंच लिहा.’’

मॅनेजरनं लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी हात जोडले, दुसरं काय करणार?

तिघं घरी आली. जिन्यात बायको म्हणाली, ‘‘आई अशी चुकत नाही कधी,’’ आणि चपला काढून आत निघून गेली.

सासूबाई मागच्या खोलीत टेबलाशी बसल्या. हात पुढे केला. ‘‘तुकडा द्या.’’

‘‘कसला तुकडा, आई?’’

‘‘शर्टाच्या खिशात असेल. तुमच्या खिशातलं तुम्ही कधी टाकता का? धुवायच्या आधी मीच काढते सगळं.’’

मास्तरांनी खिशातून फीत काढून टेबलावर ठेवली. ती चुरगळली होती. बाईंनी ती नखानं सरळ केली.

‘‘मला वाटलं, चुकलंय तिथं,’’ मास्तर म्हणाले.

‘‘मग सांगायचं होतंत.’’

मास्तर खुर्ची ओढून समोर बसले. ‘‘नाही वाटलं, आई,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘म्हणजे, चूक आहे असं वाटलं, पण कापलं त्यासाठी नाही. मला बघवत नव्हतं. जळत होतो मी तुमच्यावर.’’

‘‘ते दिसतच होतं. आंधळं माणूससुद्धा सांगेल.’’ बाई चष्मा पुसायला लागल्या. ‘‘आणि मी अकरा वर्षं त्या कोपऱ्यात बसून काय करत होते? लेक म्हणायची, आई, ऐक ना किती छान केलंय त्यांनी. सगळा हॉल तुमच्यासाठी उभा. माझे झगे घालून त्या बायका नाचायच्या, आणि टाळ्या तुम्हाला. पाय मोजत बसायचे मी. कोण कुठं अडखळतं ते बघायचे, म्हणायचे, बघा, चुकतात की तुमचे मास्तर. मग एक दिवस वाटलं, चुकतात तर आपणच करून बघावं.’’ त्यांनी ब्लेड मास्तरांच्या पुढे सरकवलं. ‘‘कपड्यात वळायला जागा ठेवतात तशी ठेवली होती, बाकी काही नाही. लावा आता. तुमच्याच हातानं. आणि उरेब नीट कापा.’’

मास्तरांनी स्वतःचा जोड उसवला. चार बोटांची फीत परत बसवली. पहिला जोड वाकडा बसला, म्हणून दोनदा करावं लागलं. दुसऱ्यांदा बाईंनी जोड उजेडात धरून पाहिला आणि रीळ डब्यात ठेवलं.

सोमवारी कोठारात जाण्याआधी मास्तर हॉलवर गेले. हातात टर्पेंटाइनची बाटली आणि जुना बनियन. मॅनेजर चहा पीत होता. ‘‘माझं पुसतोय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘त्यांचं गाणं मीच कापलं होतं.’’ मॅनेजरचा कप तसाच राहिला. तो चांगलंचुंगलं काही म्हणाला नाही, आणि शनिवारपर्यंत हॉलमधल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. पोस्टमननं त्या दिवशी ‘मास्तर’ म्हणून हाक मारली नाही. कुणीच मारली नाही.

शेवटच्या गाण्याच्या वेळी बेकरीवाला कोपऱ्यात आला. ‘‘चला मास्तरीणबाई, स्वतःच्या गाण्यावर तरी उठा.’’ बाई आधी नको नको म्हणाल्या, मग उठल्या. जाता जाता त्यांनी पिशवी जावयाकडे दिली. ‘‘धरा. आत चष्म्याचं घर आहे, जपून.’’

जावई त्यांच्या खुर्चीत बसला. टाळ्या सुरू झाल्या. पहिलं वळण आलं. गाणाऱ्या बाईनं श्वास घेतला, त्यानंच कधीतरी कचरा म्हणून फेकलेला, आणि सगळा हॉल थांबून एकदम फिरला. सासूबाईसुद्धा. त्याला पुन्हा तस्सं झोंबलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. त्यानं पिशवी मांडीवर नीट घेतली आणि कोण कुठं अडखळतं ते बघत पाय मोजायला लागला.