पाटावरची बॅटरी

सर्वप्रथम नमूद करतो की, मी पुराव्याशिवाय एक ओळही न लिहिणारा माणूस आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले, परंतु सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून गेली अनेक वर्षे मी लोकांचे अर्ज, तक्रारी व विनंत्या लिहीत आलो आहे, आणि माझ्या मसुद्यात साहेब लोकही सहसा खोट काढत नाहीत. भूत-पिशाच्च, करणी, अंगात येणे, या गोष्टींना मी आजवर थारा दिलेला नाही. तरीही खालील हकीकत घडली... आणि ती माझ्याच घरात घडली.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. सध्या राहणार पेणकरपाडा, पहिला मजला. घरात मी, धाकटा भाऊ सुभाष आणि आमची आई. आईची फुफ्फुसे निकामी होत आल्यामुळे तिला घरीच विजेवर चालणाऱ्या यंत्रातून ऑक्सिजन द्यावा लागतो. सुभाषची फिरती दुरुस्तीची गाडी आहे. हायवेवर कोणाचा ट्रक बंद पडला की हा काशीमिऱ्याहून तिथे हजर! गाडीच्या पाठीमागे एक मशीन बसवलेले आहे. एकाच इंजिनावर वेल्डिंग होते, टायरला हवा भरता येते, उतरलेल्या बॅटरीची गाडी चालू करता येते, शिवाय जनरेटरसारखी वीजही मिळते.

या विजेचा आम्हाला मोठा आधार. लाइट गेली की मी यंत्राची पिन जादा बोर्डात लावून त्याची वायर गॅलरीतून खाली सोडायची, सुभाषने ती मशीनला जोडायची आणि जोडून झाली की खालून एक हिसका द्यायचा. हिसका आला की मी वरचे बटण दाबायचे, अशी आमची पद्धत. गाडी खालच्या गुप्ताजींच्या किराणा दुकानाच्या पत्र्याखाली उभी असते. त्यामुळे गॅलरीतून तिचे पुढचे नाकच तेवढे दिसते, पाठीमागचे मशीन दिसत नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सुभाषने सकाळी मशीन धुऊन पुसून त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावले. हत्यारे घरात पाटावर मांडली. मशीन काही पाटावर मावत नाही, म्हणून दरवर्षीप्रमाणे त्याची बॅटरी सोडवून वर आणली आणि पान्यांच्या शेजारी पुजली. मशीनच्या पेटीला कुलूप लावून किल्लीही तिथेच ठेवली. पुजलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज.

"आणि लाइट गेली तर?" मी विचारले.

"दादा, सणाच्या दिवशी तरी वाईट बोलू नकोस," तो म्हणाला आणि गाडी खालीच ठेवून रिक्षाने काशीगावच्या गॅरेजात पूजेला निघून गेला.

दुपारी जेवणानंतर लाइट गेली.

यंत्र केकाटू लागले आणि मग गप्प झाले. राखीव सिलिंडर भरायला दिलेला होता, आणि सणामुळे ते दुकान बंद. सुभाष फोन उचलेना. अँब्युलन्सवाला म्हणाला, "काका, निघालोय, पण मिरवणुकीत अडकलोय." आईचे ओठ काळेनिळे पडू लागले. ती माझ्याकडे नुसती पाहत होती. पाटावरच्या बॅटरीकडे माझे लक्ष गेले. पण ती कुठे, कशी जोडायची, हे मला ठाऊक नव्हते. लोकांच्या अडचणी सोडवणारा मी, आईच्या पायाशी नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात खाली मशीन सुरू झाले.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. सुभाष आला! मी धावत जाऊन वायर खाली सोडली. ती पत्र्याआड गेली... आणि हिसका आला. मी बटण दाबले. यंत्र सुरू झाले. आईची धाप हळूहळू कमी झाली.

मी खुर्चीत टेकतो तोच फोन वाजला. सुभाष.

"दादा, तुझे मिस्ड कॉल बघितले. मी हायवेला लटकलोय, हलत नाहीये काही. आई बरी आहे ना?"

"तू... कुठे आहेस?"

"सांगतोय ना, हायवेला! आणि हा आवाज कसला? दादा, मशीन चालू आहे? बॅटरी तर पाटावर आहे ना?"

मी पाहिले. बॅटरी पाटावरच होती. तिच्यावरचे कुंकूसुद्धा विस्कटलेले नव्हते. शेजारी किल्ली.

"खाली जाऊन बघ," सुभाष म्हणाला.

मी पाहायला गेलो आणि ते बंद पडले तर? असा विचार करीत असतानाच दारात गुप्ताजी उभे.

"वसंत भाऊ, सुभाष को बोलो गाड़ी आगे ले। पूरा धुआँ दुकान में आ रहा है। मैं ही बंद करता हूँ!"

"गुप्ताजी, हाथ जोड़ता हूँ, हाथ मत लगाना! माँ की साँस उस पर है!"

त्यांनी आत डोकावून आईकडे पाहिले आणि ते वरमले. "अरे, तो पहले बोलना था ना। उसको भी आवाज दी मैंने, पीठ करके खड़ा है, सुनता ही नहीं।"

तो कोण, हे विचारण्याचे मला धैर्य नव्हते. लाइट येईपर्यंत मी आईचा हात धरून बसलो आणि खालच्या त्या आवाजाला मनातल्या मनात विनवीत राहिलो... थांबू नकोस, बाबा.

लाइट आली. मी यंत्राची पिन काढून भिंतीत लावली, त्याच क्षणी खाली मशीन बंद झाले. नंतर अँब्युलन्स आली, सुभाषही आला. आम्ही दोघे खाली उतरलो. पेटीचे कुलूप जसेच्या तसे होते. वायर पेटीबाहेरच्या सॉकेटला नीट जोडलेली होती. सुभाषने पेटीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. सायलेन्सरच्या बाजूची झेंडूची फुले करपून गेली होती.

"बॅटरीशिवाय हे चालूच होत नाही, दादा," तो म्हणाला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर कोणी चालू केले असावे, असे मी सुचवले. त्याने नुसते कुलपाकडे बोट दाखवले; बॅटरीच्या तारा पेटीच्या आत होत्या.

आई आजही त्याच यंत्रावर आहे. त्या संध्याकाळी तिने एवढेच विचारले, "सुभाषला चहा दिलास का रे? किती वेळ उभा होता खाली."

आता पुन्हा खंडेनवमी आली आहे. काल सुभाषने विचारले, "दादा, यंदा बॅटरी काढू की नको?" काढली आणि लाइट गेली तर? नाही काढली, रिवाज मोडला, आणि त्या दिवशी जो कोणी उभा राहिला त्याला ते रुचले नाही तर?

माझ्या हातात लिहिण्याची एकच कला आहे. म्हणून रात्रभर विचार करून आज सकाळी मी कोरा कागद घेतला. विषय ठरलेला होता : आभार, व यापुढेही कृपा असावी अशी नम्र विनंती. वर डावीकडे 'प्रति' लिहिले, स्वल्पविराम दिला...

त्यापुढे कोणाचे नाव लिहावे, हे मला अद्याप कळलेले नाही.