समुद्राचा बेडूक आणि घरमालक काका

"भाऊनं दगडासाठी कुलर लावला म्हनते," जिन्याखाली दूधवाला कोणाला तरी सांगत होता.

तो दगड म्हणजे मासा, आणि भाऊ म्हणजे आमचे घरमालक काका. घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि ज्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कोणीही ऐकलेला नाही असे अख्ख्या चंद्रपुरातले एकमेव गृहस्थ. शिडी मागा, सतरंजी मागा, "न्या नं!" त्यांची स्कूटर रस्त्यात दिसली तर तिच्यावर काका नसणार, हे मी वरच्या खोलीत राहायला आल्याबरोबर शिकले. मासाही असाच आला. नागपूरला ते साधे रंगीत मासे घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "याले कोनी घेऊन नाई राह्यलं काका, तुम्हीच न्या." काकांनी नेला. मग त्याच्यापायी खाऱ्या पाण्याची टाकी आली, पाणी गार ठेवायचं यंत्र आलं, खास मीठ आलं. शेजारणीनं ते मीठ लोणच्यासाठी मागितलं, तेही दिलं. लोणचं नासलं तेव्हा माफी काकांनीच मागितली.

बेडूकमासा म्हणतात त्याला. पिवळा, खडबडीत, स्पंजाच्या तुकड्यासारखा. पोहायचा त्याला कंटाळा. परांचे पाय करून कपारीत बसतो. कपाळावर गळासारखी काडी, टोकाला अळीसारखं बोंड. ते हललं की छोटा मासा जवळ येतो आणि पुढच्या क्षणी नसतो. तो क्षण पाहायला मी कितीदा बसले, दर वेळी नेमकी पापणी लवली. काकाही शेजारी बसत, पण आम्ही बोलत नसू. मी शिकले इंग्रजी शाळेत. इथलं बोलणं मला सगळं कळतं, पण ओठांपर्यंत येऊन परत जातं. काकांनाही बहुधा काही न मागता बसलेलं माणूस हवं होतं. "हा मले काईच मांगत नाई," माशाकडे पाहत ते एकदा म्हणाले, आणि लगेच काच पुसायला लागले.

यंदा आषाढ अर्धा कोरडाच गेला. मुसळाला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला लावून, पाऊस पडावा म्हणून दारोदार पाणी मागायची इथे रीत आहे, तिला धोंडी म्हणतात. वसाहतीमागच्या गावातल्या बाया धोंडी काढायला निघाल्या आणि थेट आमच्या दारात आल्या.

"भाऊ, बेडूकच सापडून नाई राह्यला कुठी," पुढची म्हातारी म्हणाली. "धानाचे परे वाळून राह्यले. तुमचा द्या. तुमचा त समुद्राचा, त्याचं देव पह्यले ऐकीन."

"मासा आहे जी तो."

"नाव त बेडूकच हाय नं?"

धानाची ती वाळलेली रोपं काकांनी रोज सकाळी फिरताना पाहिली होती. "पान्याबाहेर मरन बाई तो," ते हळूच म्हणाले.

"एवढ्यात आनून देतो नं! पानीच त टाकतेत सारे त्याच्यावर."

काकांनी बाही वर केली. टाकीचं झाकण उचललं, पण हात पाण्यात घालवेना. मासा कपारीत बसून होता, रोजच्यासारखा. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. 'न्या'मधला 'न' त्यांच्या ओठांवर मला जिन्यावरून स्पष्ट दिसला.

तेवढ्यात सगळ्या बाया जिन्याकडे वळल्या. आवाज माझा होता, आणि तो त्यांनी आधी कधी ऐकला नव्हता.

"नाई. हा नाई देत आम्ही. मातीचा करा बेडूक, मी येतो मुसळ धराले."