वयाचा रकाना

थोरलीच्या हातून एक दिवस कुणाच्या तरी लेकराचं वाटोळं होणार, ही धास्ती आईच्या मनातून जाता जात नव्हती.

थोरली मुलांच्या तपासणी केंद्रात बुद्धिमापनाच्या चाचण्या घ्यायची. बारा वर्षं झाली. सूचना पुस्तकात असतील तशाच, शब्द न शब्द वाचायच्या. उत्तर चुकलं तरी भुवई हलवायची नाही, बरोबर आलं तरी शाबासकी द्यायची नाही. लागोपाठ चार चुकली की तो भाग बंद. शिकत असताना सराव तिनं आईवरच केला होता. लाल-पांढरे ठोकळे जुळवताना आई रडकुंडीला आली. "अगं, जमतंय का, एवढं तरी सांग!" "तुम्हाला जमेल तेवढं करा," थोरलीनं पुस्तकातलं वाक्य वाचलं. पोटच्या पोरीनं 'तुम्ही' म्हटलेलं आईला लागलं. धाकटा भाऊ तेव्हापासून तिला 'घड्याळबाई' म्हणू लागला, आणि तिला ते बिरुद वाटलं.

शनिवारी दुपारी गल्लीतली शिंपीणबाई चपला न काढताच आत आली आणि हातातला अहवाल तिनं टेबलावर आपटला.

"कुठाय तुमची दीडशहाणी? माझ्या नातीला मंद ठरवलंय. सोमवारपासून वेगळ्या वर्गात बसवणार तिला!"

आईनं अहवाल वाचला. "सात वर्षं चार महिने?"

"सहा वर्षं चार महिने." शिंपीणबाईचा आवाज जरा खाली आला. "शाळा लवकर घेत नव्हती, म्हणून वर्षभर वाढवून लिहिलं मी. हा बघा दवाखान्याचा खरा कागद. पण त्याचा इथं काय संबंध?"

संबंध आईला पाठ होता. थोरलीच्या परीक्षेच्या वेळी तक्ते तिनंच वाचून दाखवले होते. मुलाचे कच्चे गुण, म्हणजे नुसत्या बरोबर उत्तरांची बेरीज, त्याच वयाच्या मुलांशी ताडायचे. सहा वर्षांच्या पोरीला सात वर्षांच्या रांगेत उभं केलं, तर ती बुटकी दिसणारच.

"तुम्हाला जन्मतारीख विचारली नाही तिनं?"

"विचारतेय कसली! तासभर ताटकळत ठेवलं, म्हणून मी चार शब्द सुनावले. तर महाराणीनं तोंड फिरवलं आणि शाळेच्या पत्रावरून तारीख उतरवून घेतली."

संध्याकाळी थोरली आली. आईनं दवाखान्याचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"परत चाचणी नको. कच्चे गुण तेच राहतील. फक्त रकाना बदल."

"खोटं वय लिहिताना मला विचारलं होतं का त्या बाईनं?"

"आणि तू तिला विचारलंस? घरच्या माणसाला तारीख तोंडी विचारून कागदाशी ताडायची, हे तुझ्या पुस्तकाचं पहिलंच पान ना?"

थोरलीनं कागद बाजूला सारला. मग उसळली. "सगळ्यांदेखत माझी लायकी काढली तिनं! तिच्यासाठी मी केंद्राच्या प्रमुखांपुढे नाक घासू? बारा वर्षांत माझी एक चूक निघालेली नाही."

"तिच्यासाठी नको. पोरीसाठी."

"तुला चार ठोकळे धड जुळवता आले नाहीत, आणि तू मला शिकवतेस?"

"नाही आले. पण त्यापायी कुणाचं पोर वर्गाबाहेर गेलं नाही."

थोरलीनं पर्स उचलली. "प्रमुखांना कळवलंस, तर मला लेक म्हणू नकोस. सांगून ठेवते." दार इतक्या जोरात आपटलं की शेजारीण डोकावली. "काही नाही, वारा," म्हणून आईनं तिला वाटेला लावलं.

आई टेबलाशी येऊन बसली. थोरली शब्दाची पक्की होती. बोलली ते करणारी. पण सोमवारी ती पोर एकदा त्या वर्गात बसली की अहवाल दुरुस्त होईल, पोरांच्या तोंडची 'मंद' ही हाक नाही होणार. थोरलीच्या आजारपणात प्रमुख डॉक्टरीणबाईंनी आपला घरचा नंबर दिला होता. आईनं तो वहीतून शोधला, पहिलं वाक्य दोनदा मनात जुळवलं, 'मी तिची आई बोलतेय, एका मुलीचं वय चुकलंय', आणि फोन उचलला.