टोक ओढणारा हात

भट्टीदादांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांनी मला हटकलं तेव्हा. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती आणि मी वाळूवरून फिरत होते. पाण्याच्या कडेला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस समुद्राकडे जवळजवळ पाठ करून उभा होता. हातात त्याच्या दुपटीहून उंच रॉड.

"बाई, मागून येऊ नका," तो म्हणाला. "गळाला कान लागला तर त्याचं कालवणही होणार नाही."

मी जागच्या जागी थांबले. त्याने अंग वळवलं, रॉड डोक्यावरून गेला, दोऱ्याला बांधलेला शिशाचा गोळा शीळ घालत सुटला आणि तो कुठे पडला ते मला दिसलंसुद्धा नाही. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हातांवर गेलं. कोपरापर्यंतच्या लवेत पीठ अडकलेलं होतं. म्हणजे हे आमच्या गल्लीतल्या बेकरीचे मालक. आजवर मी त्यांना फक्त पाठमोरं पाहिलं होतं.

बेकरीत पुढे गल्ल्यावर त्यांची बायको बसायची. साऱ्या गल्लीची ती वहिनी. मागे भट्टी, आणि भट्टीसमोर दादा. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर पाव ठेवून ते पार आतल्या कोपऱ्यापर्यंत नेत, मनगटाला एक हिसका देत, आणि पाव जागेवर उतरलेला असे. गळ टाकणं हे त्यांच्या लेखी तेच काम होतं. "जोर खांद्यात नसतो बाई, दांड्यात असतो," ते मला सांगत. "आपण त्याला वाकवायचं. फेकायचं काम तो करतो." चांगल्या दिवशी सगळ्या फेसाच्या लाटा ओलांडून, पलीकडच्या खोल पाण्यात त्यांचा गळ पडायचा. मोठे मासे तिथेच असतात. वाळूवरची बाकीची मंडळी त्यांना तोफ म्हणत.

त्यांना रॉड आणि रीळ निवडून देणारा माणूस एकच. शाळेत एका बाकावर बसलेला मित्र. त्याचं अरुंद, लांबुळकं दुकान होतं. पुढे छत्र्या, कुलपं, दोरखंड, आणि मागच्या भिंतीला मासेमारीचं सामान. लोक त्यांना गळवाले म्हणत. रॉड किती वजन फेकू शकतो ते मुठीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं असतं. दादा ते कधी वाचत नसत. या दोघांची रीत वेगळी होती. दादा मूठ पोटाशी धरून दुकानाच्या आतल्या भिंतीला टेकायचे. गळवाले टोक हातात घेऊन दारात जायचे आणि जीव खाऊन खाली ओढायचे. रॉड किती वाकतो आणि किती जोराने परत खेचतो, ते दादांना पोटात कळायचं. त्यात नियम एकच, ओढणाऱ्याने हात राखायचा नाही. हात राखला तर लेचापेचा रॉडही ताठ वाटतो. "ओढ की, जेवला नाहीस का?" असं दादा ओरडायचे आणि "तुझं पोट आडवं येतंय," असं दारातून उत्तर यायचं. रीळ कोणतं घ्यायचं, त्यावर दोरा किती जाड भरायचा, हे मग गळवाले ठरवत. दादा त्यात कधी बोलले नाहीत.

एका खवळलेल्या सकाळी दादांना लाटेने पाडलं. रॉड मोडला, खांदा निखळला. लोकांनी ओढून बाहेर काढलं म्हणून वाचले. दवाखान्याच्या बाकावर वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. हातरुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

खांदा बरा झाल्यावर डॉक्टरांनी सगळं काम करायला मोकळीक दिली. दादा तिथून परस्पर गळवाल्यांकडे आले. मी छत्रीची काडी बदलून घ्यायला दुकानात गेले होते, तेव्हा त्यांना नवा रॉड निवडताना मी डोळ्यांनी पाहिलं. दादा भिंतीला, गळवाले दारात. ओढणं झालं. दादांनी मान डोलावली. त्या दिवशी चेष्टा काही झाली नाही, इतकंच मला वेगळं वाटलं. दुखण्यातून उठलेल्या माणसाची कोण चेष्टा करणार, असं मी मनाशी म्हटलं. गळवाल्यांनी एक लहानसं रीळ बसवून दिलं. खांद्याला हलकं पडेल म्हणाले. त्यावर दोरा मात्र जाड भरला.

त्यानंतर दादांचा गळ फेसाच्या पुढे गेलाच नाही. वाळूवरून मी पाहायची. तेच वळणं, तोच हिसका, आणि गोळा पहिल्या लाटेत पडून वाळूवर परत यायचा. तोफ ओली झाली, असं कोणीतरी म्हणालं. दादा हसले, पण दुसऱ्या दिवसापासून माणसं यायच्या आधीच जाऊन परत येऊ लागले. पुढे तेही थांबलं.

"हात गेला, बाई," एकदा भट्टीतले पाव पुढे आणून ठेवताना ते म्हणाले. जणू शेजारचं कोणी गेल्याची बातमी सांगत होते.

आणि मग त्यांनी भट्टी सोडली. एरवी पावाचा एखादा तुकडा करपला तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आता एक लादी वाकडी उतरली तरी ते स्वतःच्या खांद्याकडे बघायचे. जावयाला बोलावून त्यांनी फळी त्याच्या हातात दिली आणि स्वतः पुढे येऊन पाव कागदात बांधू लागले. तो चांगला मुलगा, पण पोहायला शिकवणारा. पहिल्या आठवड्यात गल्लीने कोळसा खाल्ला. वहिनी गल्ल्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. नवऱ्याचा हात ठीक आहे, हे त्यांना माहीत होतं. त्या सुट्टे पैसे मोजत राहिल्या.

रॉड जावयालाच मिळाला. त्याचे दंड म्हणजे माझ्या मांड्या. सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून तो त्यांना वाळूवर घेऊन गेला, आणि सगळी ताकद लावून त्याने गळ फेकला. तो पहिल्या लाटेत पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तिथेच.

दादांनी त्याच्या हातून रॉड घेतला आणि बेकरीत आले. मी तेव्हा पाव घ्यायला उभी होते. त्यांनी तराजूतलं एक वजन दोऱ्याला बांधलं, मूठ पोटाशी धरली आणि रॉड उचलला. रॉड मधूनच वाकला, चाबकासारखा. वजन जमिनीवरच राहिलं. नंतर त्यांनी वहिनींचा चष्मा मागून घेतला आणि मुठीवरची बारीक अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा वाचली. तो रॉड तळ्यावरच्या बोटभर माशांसाठी होता. आणि त्या लहान रिळावर जाड दोरा भरल्यामुळे लांब जाण्याइतका दोराही मावला नव्हता.

गळवाल्यांचं दुकान समोरच. दादा उंबऱ्यात उभे राहिले, आत गेले नाहीत.

"तू ओढलं नाहीस," ते म्हणाले.

गळवाले हातातलं कुलूप पुसत राहिले. मग म्हणाले, "वहिनींनी सांगितलं होतं."

वहिनी माझ्या मागून रस्ता ओलांडून आल्या होत्या. त्यांनी नाकारलं नाही. गळाला मासा लागणारच नाही असा रॉड द्या, कंटाळून घरी बसतील, एवढंच मी बोलले, असं त्यांनी सांगितलं. पाण्यातून काढलं तेव्हा तुमचे ओठ निळे होते, तुम्ही पाहिले नाहीत, मी पाहिले, असंही म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

"जाऊ नका म्हणायचंस," दादा म्हणाले. "भांडलो असतो. कदाचित ऐकलंही असतं." ते गळवाल्यांकडे वळले. "हिला भीती वाटली. तुझं काय? मी भट्टी सोडली तेव्हा तू रोज समोरून बघत होतास."

चहा सांगू का, असं गळवाल्यांनी विचारलं. मला त्यांची कीव आली, आणि रागही.

"तुम्ही दोघांनी मिळून मला म्हातारा केलंत," दादा म्हणाले. त्यांनी रॉड दाराला टेकवून ठेवला आणि घरी परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाच्या हातून फळी काढून घेतली. गल्लीला पुन्हा नीट पाव मिळू लागला. नवा रॉड त्यांनी परगावाहून आणला. तिथे त्यांनी टोक कोणाच्या हातात दिलं नाही, दुकानाच्या कडीला दोरी बांधून एकट्यानेच वाकवून पाहिला. रीळही स्वतःच निवडलं, दोराही स्वतःच भरला. त्यांचा गळ आता फेसाच्या पार पलीकडे पडतो.

गळवाल्यांच्या घरी पाव अजून जातो. तो जावई नेऊन देतो. दादा वहिनींशी पिठाबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल, नातवंडांबद्दल बोलतात. समुद्रावर निघताना मात्र ते घरात कोणाला सांगत नाहीत.